फलकावरचा नंबर

तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत ठरलं ते एवढंच:
जागा महापालिकेची,
माणसं संस्थेची,
खर्च फौंड्रीवाल्यांचा.
नंबर कुणाचा, ते इतिवृत्तात राहून गेलं.

इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

शिरोली नाक्यावर, उद्यमनगरात, स्टँडच्या मुतारीशेजारी
पत्र्याचे बारा फलक लागले.
मराठी, हिंदी, खाली उडिया.
त्यातली दोन अक्षरं रंगाऱ्यानं उलटी काढली
हे कळायला आम्हाला दिवाळी उजाडली.

नंबर हसीना नदाफचा निघाला,
तिचा घरचा, आईच्या औषधांच्या फाईलवर असतो तो.
रात्री दीडला वाजायचा.
रस सांडलाय पायावर, सीपीआरला कुठल्या दारानं शिरायचं?
ठेकेदारानं आधार कार्ड ठेवून घेतलंय.
भट्टीवर बाई अडलीय, गाडी मिळेना.
कधी नुसताच श्वास, मग कट.

तिला उडिया येत नव्हतं.
गुजरीतला सनातन मंडल, बांगडीला डाग देता देता
खांद्यानं फोन दाबून धरायचा
आणि आपल्या बंगालीतून अंदाज बांधायचा.
"समजतं अर्धं," म्हणायचा, "बाकीचं रडण्यावरनं."
सहभागी संस्थांच्या यादीत
त्याचं नाव कुठंच नाही.

आढाव्याला घाटगेसाहेब म्हणाले, रिस्पॉन्स झकास आहे.
चहा आला.
समन्वय समाधानकारक, असं मी लिहिलं.

मार्चमध्ये संस्थेचा निधी आटला.
हसीनाला मिरजेच्या शाळेत नोकरी लागली.
जाण्याआधी ऑफिसात आली,
टेबलावर सिम ठेवलं, नखाएवढं.
"फलक काय तुम्ही बदलणार नाही.
मीच नंबर बदलला.
पावती द्या, दादा."
आवक रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.
'इतर' मध्ये घेतलं.

साहेबांची सही व्हायची आहे, तोवर
ते माझ्या जुन्या मोबाईलात आहे,
बावड्याच्या घरी, फ्रिजवर.
परवा रात्री वाजलं.
"हसीनादीदी?"
मी बनियनवर, अंधारात, डब्याला पाय अडखळलेला.
नाही म्हटलं. मग काय म्हणायचं सुचेना, म्हणून म्हणालो,
"महापालिका."

पलीकडं मशीनची घरघर.
कुशध्वज नायक, गाव गंजाम, असं त्यानं सावकाश सांगितलं,
जणू मी लिहून घेतोय.
मी पेन शोधू लागलो.