क्रमांक संपले

रात्री साडेअकराला शौनकचा फोन.
"ताई, माडसांगवीच्या पेखळ्यांचं पान चढत नाहीये.
जागा संपली म्हणतंय."

जागा बघितली. बासष्ट टक्के मोकळी.
तेवढ्यात पंचवटी मावेल, कुंभाच्या गर्दीसकट.
तरी यंत्राचं एकच पालुपद,
नो स्पेस लेफ्ट, नो स्पेस लेफ्ट.

आमच्या गोदेत दुतोंड्या मारुती आहे.
पूर आला की सगळं नाशिक त्याच्यावरून पाणी मोजतं,
गुडघा, कंबर, छाती.
मी वर्षभर एकाच तोंडाकडे बघत बसले होते.
दुसऱ्याला आज विचारलं. डीएफ, डॅश आय.
ते म्हणालं, शंभर.
पाणी नाकावरून गेलेलं.

"म्हणजे काय?" शौनक.
म्हटलं, फाईल म्हणजे नुसता मजकूर नाही रे.
प्रत्येकीला एक क्रमांक लागतो, आयनोड.
कुणाची, केव्हाची, केवढी, कुठे ठेवलीय
हे सगळं त्या क्रमांकापाशी.
नाव तेवढं तिथे नसतं.
नाव यादीत, आणि यादीचं बोट क्रमांकाकडे.
"आमच्या वह्यांसारखंच की. गाव, आडनाव, वही, पान."
हो. तुझ्या पणजोबांनी वही शिवताना पानं मोजली,
मुदस्सरनं व्हॉल्यूम बांधताना क्रमांक मोजले.
त्यानं विचारलंही होतं, फायली किती होतील?
मी म्हटलं होतं, होतील काही लाख.

तीन कोटी अकरा लाख.
पानाचा स्कॅन एक, त्याच्या छोट्या प्रती सात,
आणि मोडी वाचायला यंत्राला शिकवायचं म्हणून
पानावरचं एकेक नाव कापून वेगळी फाईल.
विठू. रखमा. सदू. दोन-दोन केबी.
ती अक्कल माझी.

सकाळी सहाला मुदस्सर अंबडहून,
मागे जनरेटरचा आवाज.
"वाढवून देतो. पण तू परत मोहरी सांडणार.
मोहरी मुठीनं ठेवतात का कुठे? पोती शीव."

मग पोती शिवली.
एका वहीची सगळी नावं एका गठडीत,
गठडीला बाहेरून यादी.
छोट्या प्रती पुसायला घेतल्या
तर प्रत्येकीसाठी तारेवरून विचारणा जाते,
पुसू का?
पूस, असं उत्तर येतं,
मग पुढची.
चहा दोनदा गार झाला. टक्का हलला एक.

एका फाईलपाशी थांबले.
पुसली, तरी क्रमांक सुटेना.
दुवे दोन.
एका वहीत सिन्नरची लेक, गोदू.
दुसऱ्या वहीत ओझरची सून, उमा.
चित्र एकच, सही एकच.
"ते मी जोडलंय," शौनक म्हणाला, जरा ओशाळून.
"रामकुंडावर सासऱ्यांचं करायला आल्या होत्या,
सही करताना माहेरचं नाव लिहून बसल्या.
आजोबांनी खोडलं नाही."

मी पुसलेलं नाव परत लावलं.
ती एक गठडीबाहेर ठेवली.
नियमात बसत नाही. मुदस्सरला सांगितलेलं नाही.

सव्वानऊला एकाहत्तर टक्के.
पेखळ्यांचं पान चढलं.
नवा मुलगा, बारा दिवसांचा, अजून पुसट शाई.
शौनकनं विचारलं, "याला कुठला क्रमांक मिळाला?"
बघितला. रात्री मोकळा झालेला, जुनाच,
कुठल्यातरी पुसलेल्या छोट्या चित्राचा.
"चालेल ना?"
म्हटलं, याचं नाव काय ठेवलंय बघ.
त्यानं वाचलं. मग दोन ओळी वर बोट नेलं,
पणजोबापाशी,
आणि काही बोलला नाही.