खोली चौदा

ग्रिम्सबी. मंगळवार, संध्याकाळचे सात.
पूर्वी या वर्गात खुर्च्या कमी पडत,
मी शेजारून ओढून आणायचो.
आता बाविसातल्या अठरा रिकाम्या.

ऑफिसातल्या आलेखाची रेघ म्हणे घसरतेय,
अर्धवेळवाल्यांची.
फी किती वाढली
ते रेघेवर कुणी लिहीत नाही.

वेंडी थ्रॅशर मात्र येते,
मासळीच्या कारखान्यातून थेट.
बोटांना हॅडकचा वास, वहीवर चहाचा डाग.
सहावं वर्ष. अजून दोन पेपर.

"अर्धवेळ?" परवा हसली,
"पोरं, शिफ्ट, अंथरुणाला खिळलेली आई, वर हे.
यातलं अर्धं कुठलं, सांग ना, नेव्हिल."

कुलूप लावायची वेळ नऊची.
किल्ल्यांचा जुडगा मुठीत, वाजू न देता,
मी जिन्यात थांबतो
तिचा परिच्छेद संपेपर्यंत.