हरकतीचा तपशील

अर्जात हरकतीसाठी तीनच ओळी आहेत.
जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं टायपिंग केलंय मी,
तीन ओळींत किती माणूस मावतो ते मला ठाऊक आहे.
तरी लातुरातली आमची अख्खी कर्मचारी सोसायटी
जेवणं उरकून माझ्या ओसरीत येऊन बसलीय,
चपला पार कुंपणापर्यंत.

झालं असं, की नकाशावरच्या आमच्या हिरव्या चौकोनाला
कुणीतरी न विचारता हळद लावली.
बालोद्यानाचं 'निवासी' झालं.
अकरा मजले, अठ्ठ्याऐंशी फ्लॅट.
फलकावरच्या चित्रात एक बाई
कारंज्यापाशी हसतेय.
कारंजं!
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं,
तेही पहाटे, पाऊल न वाजवता, चोरासारखं.

"लिहा ताई," बिराजदार सर म्हणाले, "नियमावली, कलम..."
आणि कलम शोधता शोधता चष्माच हरवला.
मुनीराबी म्हणाली, "माझ्या गच्चीवर तीनलाच सावली पडंल,
कुरडया वाळायच्या कशा, हे लिव."
मी लिहिलं: सूर्यप्रकाशास बाधा.
गुणवंत पांचाळ म्हणाला, "आठशे फूट बोअर मारलाय त्यांनी,
आपला हापसा नुस्ता खोकलालाय."
लिहिलं: भूजल पातळीवर परिणाम.
मागच्या खोलीतला भाडेकरू, ओंकार, हळूच म्हणाला,
"पण घरं लागतातच की लोकांना. मला बी लागतंय."
यावर जरा वेळ कुणी बोललं नाही.
खरं होतं ते. अर्जात त्याला रकाना नव्हता.

मग सोजरबाई उठल्या.
त्या रोज निजायच्या आधी
कपाटावर पेला पालथा घालतात
आणि त्यावर तांब्या ठेवतात.
कामून, हे आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही.
त्र्याण्णवच्या विसर्जनाच्या रात्री
ज्यांनी दगडमातीच्या ढिगातून
हातांनी आपली माणसं उकरून काढली,
त्यांना रोज बघावं लागतं
जमीन झोपलीय की नुसती डोळे मिटून पडलीय.
इतक्या वर्षांत तांब्या दोनदाच पडला,
एकदा मांजरानं, एकदा नातवानं.
"आता रोज पडलालाय," त्या म्हणाल्या,
"त्यांचं मशीन ठोकाय लागलं की. दिवसाढवळ्या.
लिव माय, येवढंच लिव."

याला कार्यालयीन भाषेत काय म्हणतात?
'कंपने' लिहिलं, खोडलं.
'मानसिक त्रास' लिहिलं,
तेही खोडलं.
शेवटी तीन ओळींत टाइप केलं:
तांब्या
रोज
पडतो.

सुनावणीत साहेबांनी ते वाचलं, हसले,
"कुणाचा तांब्या?"
सोजरबाईंनी पिशवीतून पेला काढला,
फायलींच्या मधोमध पालथा घातला,
वर तांब्या ठेवला,
साहेबांच्याच जगातलं पाणी ओतून तो अर्धा भरला
आणि हात काढून घेतला.

बिल्डरचे वकील बोलायला उभे राहिले होते,
ते जपून खाली बसले.
साहेबांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, खिशात घातला,
थरथरतो म्हणून.
पंखा फिरत होता.
भरल्या हॉलमध्ये कुणी खुर्ची सरकवली नाही.

पुढची तारीख मिळाली.
तोवर मशीन बंद, असा हुकूम. तोंडी.
तोंडी म्हणजे काय, ते टायपिस्टला विचारा.
म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात,
त्या हिरव्या म्हणा, पिवळ्या म्हणा, चौकोनात
रोज दोघं बाज टाकून निजतात.
आज मी आणि ओंकार.
त्यानं कारखान्यामागच्या पडीक जागेचा सात-बारा काढून आणलाय,
म्हणतो, चार मजली तिथं होतील की, सगळ्यांनाच परवडतील.
बॅटरीच्या उजेडात मी त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढते.

रात्री दोनच्या सुमाराला
सोजरबाईंच्या खिडकीत दिवा लागतो.
त्या कपाटाकडे बघतात,
मग खिडकीतून आमच्याकडे बघतात,
आणि दिवा मालवतात.