न वाजलेले चौऱ्याऐंशी

तुर्कू. नोव्हेंबर. चारच्या आधीच अंधार.
तळघरातल्या खोलीत मी ओइवा केत्तुनेनच्या डोक्यावर
चौसष्ट छिद्रांची टोपी चढवते,
एकेका छिद्रात पिचकारीने जेल भरते.
गार लागतंय का, विचारते.
तो म्हणतो, तळ्याइतकं नाही.

वय अठ्ठ्याहत्तर. धंदा: पियानो सुरात लावणं.
अर्जातलं 'निवृत्त' खोडून
त्याने वर लिहिलंय, 'अजून'.

प्रयोग साधा आहे.
पाच सुरांची एकच ओळ, आठशे वेळा.
मधूनच, फाशांच्या लहरीवर,
पाचवा सूर आम्ही गाळतो.
आणि गाळलेल्या जागी
पडद्यावर एक लाट खाली झुकते,
जिना संपला हे न कळून
पायाने हवेत शोधलेली पायरी जशी.
आवाज नाही. लाट आहे.
यावर आम्हाला तीन वर्षांचं अनुदान मिळालंय.

कॉफीच्या खोलीत झोम्बोर फळ्यावर
दोन महिरपी कंस काढतो, मध्ये काहीच नाही.
"हा रिक्त संच."
त्याच्या भोवती आणखी दोन. "आणि हा एक.
रिकाम्या डब्यात काही नाही, कबूल.
पण रिकामा डबा ज्या डब्यात ठेवला,
त्यात डबा आहे ना?"
असे डब्यात डबे ठेवत तो अनंतापर्यंत जातो,
मग परत येऊन विचारतो, साखर संपली का.
वरच्या मजल्यावरची लिन्नेआ म्हणते,
निर्वात पोकळीसुद्धा थरथरते.
म्हणते, आणि कप न धुताच निघून जाते.

सत्र संपलं. बेसिनवर वाकून ओइवा
उरलेसुरले केस धुतो.
टॉवेलाच्या आतूनच म्हणतो,
"चौऱ्याऐंशी वेळा चुकलात."
चुकलो नाही, गाळलं, मी म्हणते.
"तेच ते.
पन्नास वर्षं घरोघर गेलो
ते न लागणाऱ्या पट्ट्यांसाठी.
लागणाऱ्यांसाठी मला कुणी बोलावलं नाही."
टोपी, हातमोजे, बस किती वाजता.

तो गेल्यावर नोंद उघडून पाहिली.
चौऱ्याऐंशी.

समोर मूकपट लावला होता.
सूचना स्पष्ट होती: चित्र पाहा,
सुरांकडे लक्ष देऊ नका.
ज्याने मोजलं, त्याची लाट आम्हाला चालत नाही.
शिवाय ती इतकी खोल होती
की सगळी सरासरीच तिच्याकडे वाकली असती.
मी सतरावी ओळ निवडली.
पुसली.

लेख वसंतात छापून आला.
शेवटच्या तक्त्यात, बारीक टायपात:
पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस.
परीक्षकांना खटकलं नाही, झोम्बोरलाही नाही.
वाचताना दर वेळी माझंच
सोळावरून उचललेलं बोट
क्षणभर कुठेच टेकत नाही.