सात वा.

सत्तावीस वर्षं देवगडच्या स्टँडवर मी गाड्या पुकारल्या.
तोंडात पान ठेवून नाही, नाकातून नाही,
कणकवलीतला ण नीट टाळूला लावून.
मग काचबिंदू. आधी कडेची माणसं गेली,
मग फलाट,
शेवटी गाडीच्या कपाळावरचा बोर्ड.

आता जामसंड्याच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
नसीमा सोलकर मला एका यंत्रासमोर बसवते
आणि ते मला पुकारतं.

उच्चार वाईट.
जोडाक्षराला ठेचकाळतं,
तांबळडेग म्हणताना तर मध्येच उतरून चालत जातं.
'सकाळी ७ वा.' असं लिहिलेलं असलं
की म्हणतं: सकाळी सात, वा!
जणू गाडी वेळेवर सुटली याचंच त्याला कौतुक.

"चाव्यांच्या मधल्या ओळीत दोन उंचवटे आहेत," नसीमा म्हणते,
"तर्जन्या तिथे ठेवा. हरवलात की परत तिथेच या."
शेजारच्या खुर्चीतून आवाज:
"आमच्या पप्पांची होडी रातची तशीच येता.
दोन खडप, मधसून वाट."

ती दुर्वा कोयंडे. सहावी अ.
तिच्या पुस्तकात अक्षरं आपली जागा सोडून बसतात,
कमल वाचायला जावं तर कलम होतं.
शाळेने तिला आधी आळशी म्हटलं, मग मठ्ठ,
मग काही म्हणायचंच सोडून दिलं.
नसीमाने तिच्यासाठी पडदा पिवळा केला,
ओळींमधून माणूस जाईल एवढी वाट ठेवली;
यंत्र जो शब्द बोलेल तो निळा होतो.
कॉम्प्युटर एकच.
माझ्या पाळीला पडदा बंद असला तरी चालतो.
"तुमका दिसणा नाय, माका वाचूक येणा नाय,"
ती म्हणाली, "म्हणजे लाइटबिल अर्धा अर्धा."

मला हवं होतं फक्त वेळापत्रक.
डेपोने ते टाकलं होतं, पण कागदाचा फोटो काढून.
यंत्र म्हणालं: ग्राफिक.
खाली गेलो. ग्राफिक.
सगळ्या गाड्या आत उभ्या, आणि फाटकाला कुलूप.

तेव्हा दुर्वा वाचू लागली, बोट लावून,
एकेक अक्षर,
जाळ्यातून कुर्ली सोडवावी तसं, नांगी चुकवत.
"कु... क... कुकणे..."
कुणकेश्वर, मी म्हणालो.
"मि, बा, ठ..."
मिठबाव, सहा चाळीस.
"होय! सा चाळीस!"
तिने चुकत वाचावं, मी सरळ ऐकावं,
बोटं खडपांमधून बाहेर जावीत, परत यावीत.
मोंड आधी की पडेल, यावर भांडलो. ती जिंकली.
वीज दोनदा गेली. नसीमाने दोन्ही वेळा
आधीच सेव्ह केलं होतं.

शेवटी मी न विचारताच टाइप केली वस्तीची गाडी.
रात्री नऊ पन्नास, तांबळडेग.
दुर्वा गप्प. मग म्हणाली, "ही हयसर नाय."
नीट बघ.
"तीनदा बघलंय, काका. नाय."
त्या गाडीचा ड्रायव्हर देवळाच्या पडवीत झोपायचा,
पहाटे पहिली शिट्टी मासळीवाल्या बायकांसाठी.
कधी बंद झाली, कुणी पुकारून सांगितलं नाही.

मी पुसायची चावी दाबली.
पुसताना यंत्र प्रत्येकाचं नाव घेतं:
ग. मात्रा. ड. ळ. ब. अनुस्वार. काना. त.
इतका स्वच्छ उच्चार त्याने दिवसभरात केला नव्हता.
मग म्हणालं: रिक्त.

दुर्वाने सगळं पहिल्यापासून लावलं.
तिचे ओठ हलत असावेत, श्वास कळत होता,
शब्द निळा व्हायच्या किंचित आधी.
"सकाळी सात," यंत्र म्हणालं,
आणि त्याच्या आधी ती: "वा!"

मी ते टिंब काढून 'वाजता' लिहिणार होतो.
राहू दिलं.