उतराई

माझ्या बापाला माणूस होडीवरून कळायचा.
बसला की ती किती बोटं खाली जाते ते बघायचा,
मग विचारायचा, कुठला, कोणाचा.
"नाव खोटं सांगता येतं," म्हणायचा, "वजन नाही."

न्यांकोरो पहिल्यांदा आला तेव्हा
दोन बोटंही बुडालो नाही आम्ही.
तेरा-चौदाचं पोर, पोटऱ्यांवर गवताचे ओरखडे,
बकरीच्या कातड्याची पिशवी, आत काहीच नाही.
जोलिबाला पूर होता. फळ्यांच्या फटीतून पाणी यायचं,
ते तो न सांगता भोपळ्याने उपसत बसला
पलीकडचा काठ लागेपर्यंत.
उतराई तीन कवड्या.
त्याच्याकडे फुटकीही नव्हती.
"देईन," म्हणाला.
बापाने वल्ह्याच्या दांड्यावर तीन खाचा पाडल्या.

मग बातम्या येऊ लागल्या, सुकी मासळी न्यायला येणाऱ्या बायांबरोबर.
आधी एक गाव. मग जेनेची वेस.
मग मिठाच्या लाद्या आणणारे उंटवाले सांगू लागले
की वाळूच्या पलीकडेही आता त्याचाच नगारा वाजतो.
एक बाई म्हणाली, आमच्याकडे हल्ली
रडायलाही परवानगी लागते. हसली,
आणि मासळीचा भाव पाडून मागितला, नेहमीसारखा.

दुसऱ्यांदा आला तो सगळ्या नद्यांचा धनी होऊन.
एकशे साठ होड्या एकमेकींना बांधून
आम्ही त्याच्या सैन्याला रस्ता केला.
तीन दिवस नुसते घोडेच चालत होते.
नदीला लिदीचा वास सुटला, मासे खोल गेले.
चौथ्या दिवशी तो. रुंद छत्री, पितळी रिकिबी,
आणि एक माणूस केवळ थुंकी झेलायला,
खरोखरच, हातात वाडगा घेऊन.
आमची होडी साखळीत मधोमध. काठोकाठ बुडाली.
बाप बोटं मोजत राहिला, मोजायला उरली नाहीत,
तेव्हा त्याने वल्हं उचलून त्या तीन खाचा दाखवल्या.
वेडा. भर फौजेसमोर.
बादशहा हसला. म्हणून फौज हसली.
"याची उतराई मोठी द्या," म्हणाला,
आणि माझे दोघे भाऊ, सिन्ये आणि बारू,
शाही वल्हेकरी म्हणून नेले.
मान होता म्हणे तो.

पूर्वेला कुठेतरी त्याची घोडदळं
दलदलीत रुतली, असं ऐकलं.
कोणी म्हणे, जावयाने दरवाजा उघडला.
कोणी म्हणे, ताप.
आम्हाला कळलं ते एवढंच, की नगारा वाजायचा थांबला
आणि सांडगेवाल्या बाया पुन्हा मोठ्याने रडू लागल्या.

कोरड्या वाऱ्याचे दिवस. बाप जाऊन दोन वर्षं झालेली.
रात्री काठावर कुणीतरी खोकलं.
मी नाव विचारलं नाही. तो बसला.
अडीच बोटं.
हे वरचं अर्धं कशाचं, मला कळेना.
मधल्या धारेत पाणी आत आलं, आणि त्याने
अंधारात हात फिरवून भोपळा शोधला.
तेव्हा ओळखलं.

"सिन्ये," मी म्हटलं. "बारू."
त्याने दोन्ही नावं तोंडात घोळवली,
काटा लागतो का बघावं तशी.
"किती होते?"
"दोन."
"दोन," तो म्हणाला. "दोनच?"
आणि त्याचा श्वास सुटला.

उतरताना गाठोड्यातून एक रिकीब काढून दिली.
सुट्टे माझ्याकडे नव्हते. तो थांबलाही नाही.

ती आता जाळ्याच्या कडेला बांधलीय, तळ चांगला धरते.
वल्हं तेच आहे.
हात ओला असला तरी
त्या तीन खाचांमुळे निसटत नाही.