अधेली

दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
मी चोपड्याच्या बँकेतून चिल्लर आणतो.
दोन हजारांची. शंभर-शंभरच्या पिशव्या.
सायकलच्या हँडलला अडकवल्या की
पुढचं चाक स्वतःच्या मर्जीने वळतं.
काचेआडून फेगडे कॅशियर म्हणतो,
"लोक नोटा मांगतस, भो. तुले येड लागनं का?"

येड नाही. मी मोटारी भरतो, रिवाइंडिंग.
दिवस तांब्याच्या तारेत जातो,
आणि हाताला एकदा धातू कळायला लागला
की हात गप्प बसत नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
पोत्यावर पिशवी उलटी करतो.
जुन्या स्पीकरचं चुंबक वरून फिरवलं
की आजकालचे सगळे उड्या मारून चिकटतात.
सालाखाली ठिपका तो नोएडाचा,
चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची,
कोलकात्याचं कपाळ कोरं.
जे चिकटत नाही, ते माझं.

सात वर्षांत निघालं ते लोणच्याच्या बरणीत मावतं.
मोठ्या घेराचे रुपये, बशीसारखे.
जाड पाच, ज्यांची म्हणे ब्लेडं झाली.
एक पितळी वीस पैसे, कमळाचे,
त्याच्या पाकळ्यांत अजून कुंकू.
आणि एक वायसर. त्यावरून फेगडेशी भांडलो.
तो म्हणाला, "मोजणीत बरोबर भरला ना?"
उरलेली चिल्लर गफूर पिंजारी घेऊन जातो,
त्याच्या केळीच्या वेफर्सच्या गाडीला लागतेच.

चांदी नव्हती.

मग माघात, एका गुरुवारी,
चुंबकाने एकीला ओळख दिली नाही.
हल्लीच्या रुपयापेक्षा नखभर मोठी,
आधीच्या रुपयापेक्षा केसभर लहान,
म्हणूनच रुपयांत रुपया होऊन खपलेली.
फरशीवर टाकली.
बाकीची चिल्लर खुळखुळते.
ही बोलली,
आणि बोलून झाल्यावरही थोडी उरली.

एका बाजूला राजाचं झिजलेलं डोकं.
साल बोटाने वाचावं लागलं: त्रेचाळीस.
प्रमिला भाकरी टाकता टाकता उठून आली,
पिठाच्या हातानेच धरली,
म्हणाली, "वर हे काय चिकटलंय?"

विसपुते सराफाने भिंग लावलं.
"निम्मंच रुपं आहे, लढाईच्या काळातलं.
हा डाख. इथे कडी होती.
कडी पकडीने तोडली, बघ, ओरखडा ताजा आहे.
शौकीन हिला हात लावणार नाही.
आटवायची असेल तर ठेव."
मी ठेवली नाही.

लासूरच्या पुढे रस्ता चढाला लागतो
आणि रविवारच्या बाजाराला जिपा भरून माणसं उतरतात.
पावरा बायांच्या गळ्यात मी पाहिल्यात अशा माळा,
चालताना वाजणाऱ्या.
कुणाच्या गळ्यातून ही एक कमी झाली?
जिपच्या भाड्याला रुपया कमी पडला,
की पोराने तोडून गोळ्यांच्या बरणीवर ठेवली,
की तिनेच, तेल-मीठ घेताना,
दुकानदाराच्या डोळ्याला डोळा न देता?
दुकानदाराने तरी पाहिली का?
गल्ल्यातून बँकेत, बँकेतून माझ्या पोत्यावर,
अख्ख्या वाटेत तिला कुणी
एक रुपयाहून जास्त समजलं नाही.

बाजारात दोन रविवार फिरलो. विचारणार काय?
बायांच्या गळ्याकडे बघत फिरणारा माणूस
काय शोधतोय, हे कोण ऐकून घेतं?
तिसऱ्या रविवारी गेलो नाही.

अधेली बरणीत टाकली नाही मी.
तारेच्या रिळांमागे, कागदात आहे.

गुरुवार चुकत नाही.
पिशवी उलटी होते, चुंबक फिरतं,
चिकटणारे चिकटतात.
पण माळेत एकटी अधेली नसते,
हे ठाऊक झाल्यापासून
मी ढिगाच्या तळापर्यंत हळूहळू जातो,
आणि काहीच निघालं नाही
की प्रमिलाला हाक मारून सांगतो,
"आज काही नाही."
ती म्हणते, "बरं झालं,"
आणि शटर खाली ओढते.